दात दाखवून अवलक्षण?



या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी आम्हाला एक हसरा फोटो हवा होता. गेल्या डिसेंबरात भारतवारीला गेलो असताना आम्ही मंडळाचे चार कार्यकर्ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जाऊन आलो. यंदाच्या निधीतून पाण्याचं जे काम करायचं ठरलं आहे, ते याच गावात. मुलांनी स्वागतगीत म्हटलं, गुरुजींनी चहा पाजला, मग आम्ही कॅमेरा काढला आणि म्हणालो, "हं, आता सगळ्यांनी मोठ्ठं हसा बरं!"

चाळीसेक मुलं होती. सगळ्यांची तोंडं गपकन मिटली. पहिल्या रांगेतल्या दोन मुलींनी तोंडावर हात धरला. सातवीतला एक उंच मुलगा तर सरळ उठून मागे जाऊन बसला. गुरुजी हळूच म्हणाले, "दातांमुळे हो. फोटोचं नाव काढलं की असंच होतं."

नंतर आम्ही नीट पाहिलं. खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे, त्यावर पिवळे-तपकिरी डाग, काहींच्या दातांना तर बारीक बारीक खड्डे.

इकडे परत आल्यावर कमिटीच्या मीटिंगमध्ये फोटो दाखवले. लगेच सूचना आली, "एवढंच ना? व्हाइटनिंग स्ट्रिप्सची खोकी घेऊन पाठवून देऊ. सेल लागला की स्वस्तात मिळतात." आम्हालाही ते पटलं. इतकं पटलं की ऑनलाइन कार्टमध्ये माल भरूनही झाला होता. मंडळातल्या आमच्या डेंटिस्ट वहिनींनी वेळीच अडवलं. म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं, तुम्ही दात दाखवून करायला निघालात!"

आम्ही चौघंही सॉफ्टवेअरवाले. बग कुठे आहे ते कळल्याशिवाय पॅच मारू नये, हे ऑफिसात ज्युनियर मुलांना रोज सांगतो, आणि इथे नेमकं तेच करत होतो. मग एका रविवारी वहिनींच्या डायनिंग टेबलाशी बसून आम्ही सगळं समजून घेतलं. ते तुमच्यासमोर मांडतो आहोत. अर्धं तुमच्या-आमच्या दातांबद्दल आहे आणि अर्धं त्या मुलांच्या.

दात मुळात पांढराशुभ्र नसतोच

दाताचं सगळ्यात बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. चावण्याच्या टोकांशी तो जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि थोडासा पारदर्शक असतो. त्याच्या आत डेंटिन, आणि त्याचा रंग मुळातच पिवळसर. म्हणजे आपल्याला दिसतो तो रंग या दोन्हींचा मिळून. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं आणि आतला पिवळेपणा जास्त दिसायला लागतो. चाळिशीत दात विशीतल्यासारखे दिसत नाहीत यात घासण्याची चूक असतेच असं नाही. टीव्हीवरच्या नटनट्यांचे दात बऱ्याचदा व्हिनिअर्सचे असतात, तेव्हा त्यांच्याशी तुलना करून खंतावू नये.

डाग दोन जातींचे

उपाय निवडायचा तर आधी डाग कुठे आहे ते कळायला हवं.

पहिली जात बाहेरच्या डागांची. चहा, कॉफी, रेड वाइन, हळदीचे पदार्थ, सिगरेट, पान, तंबाखू. गावाकडे आजीच्या कनवटीला असलेली मिश्रीची डबी आठवत असेल. मिश्री म्हणजे भाजलेला, जाळलेला तंबाखूच. दात स्वच्छ करायला म्हणून लावायची, आणि दात काळे व्हायचे ते तिनेच. लहान मुलांना लोहाचं टॉनिक दिलं की दातांवर येणारी काळपट छटा आणि क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश बरेच दिवस वापरल्यावर येणारे तपकिरी डाग, हेही बाहेरचेच.

दुसरी जात आतल्या डागांची. दात बनत असतानाच किंवा नंतर आतून रंग बदललेला. लहानपणी पडल्यामुळे नस मेलेला, राखाडी पडलेला दात. वयाच्या आठ वर्षांच्या आत, किंवा आईला गरोदरपणी, टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिल्यामुळे आलेले करडे-तपकिरी पट्टे. आपल्यातले जे साठ-सत्तरच्या दशकात जन्मले, त्यांच्यात हे आढळतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे फ्लोरोसिस, पिण्याच्या पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडमुळे आलेले डाग. आमच्या फोटोतली मुलं यात मोडतात.

उपाय, सोप्याकडून अवघडाकडे

क्लीनिंग. बाहेरचे डाग असतील तर सर्वांत आधी डेंटिस्टकडे जाऊन दात साफ करून घ्यावेत. निम्म्या लोकांचं समाधान इथेच होतं, असं वहिनी अनुभवाने सांगतात. "क्लीनिंगने दात हलायला लागतात" हा आपल्याकडचा जुना गैरसमज. किटणाचा थर निघाला की दातांमधल्या फटी जाणवतात एवढंच. हिरडी सैल झालेली असते ती किटणामुळे, सफाईमुळे नव्हे.

व्हाइटनिंग टूथपेस्ट. यात बारीक घासणारी पूड असते. बाहेरचे डाग ती थोडेफार घालवते. काहींत निळसर रंगद्रव्य असतं, त्यामुळे पिवळेपणा तात्पुरता कमी दिसतो. नीळ घातलेल्या धोतरासारखंच. आतला रंग यातल्या कशानेच बदलत नाही.

घरगुती उपाय. लिंबू-मीठ, लिंबू-सोडा, कोळशाची पूड. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो, आणि साधारण 5.5 च्या खाली गेलं की इनॅमल विरघळायला लागतं. आज दात चकाकतात आणि पाच वर्षांनी जास्त पिवळे दिसतात, कारण कवचच पातळ झालेलं असतं. कोळशाच्या पेस्टची सध्या फॅशन आहे, पण अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये 2017 साली आलेल्या आढाव्यात तिच्या सुरक्षिततेबद्दल आणि उपयोगाबद्दल पुरेसा पुरावा नसल्याचं म्हटलं आहे. राखुंडीने घासणाऱ्या आजोबांचे दात मजबूत होते हे खरं असेल, पण ते चार वेळा सोडाही पीत नव्हते.

स्ट्रिप्स. इथपासून खरं ब्लीचिंग सुरू होतं. यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते इनॅमलमधून आत जातं आणि रंगाचे मोठे रेणू तोडून फिकट करतं. साधारणपणे रोज अर्धा तास, दोन आठवडे. वय किंवा चहा-कॉफीमुळे पिवळे पडलेले, सरळ ओळीतले, निरोगी दात असतील तर चांगला उपयोग होतो. वाकड्या-तिकड्या दातांवर पट्टी नीट बसत नाही आणि रंग धब्बेदार होतो.

ट्रे. डेंटिस्ट तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ ट्रे बनवून देतात. त्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल भरून रात्री घालून झोपायचं. 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे जवळपास साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. याची गोष्ट गमतीची आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस आर्कान्सामधल्या बिल क्लुसमायर नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टने हिरड्यांची सूज उतरावी म्हणून पेशंटना ट्रेमधून हे औषध लावायला सांगितलं. हिरड्या बऱ्या झाल्याच, दातही उजळले! पुढे 1989 मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. आजही सावकाश पण भरवशाचा उपाय म्हणून डेंटिस्ट हाच सुचवतात. टेट्रासायक्लिनच्या डागांना मात्र दोन आठवडे पुरत नाहीत, कित्येक महिने चिकाटी लागते.

क्लिनिकमधलं ब्लीचिंग. 25 ते 40 टक्के पेरॉक्साइड, हिरड्या झाकून, तास-दीड तासाचं सिटिंग. लग्न आठवड्यावर आलं असेल तर हा मार्ग. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सोबत जो निळा दिवा लावतात, त्याने दूरगामी फायदा होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आणि सिटिंगनंतर दात कोरडे पडल्यामुळे जरा जास्तच पांढरे दिसतात, चार-आठ दिवसांत रंग थोडा खाली येतो. तेव्हा फसवलं असं समजू नये.

एकच दात काळा पडला असेल तर बत्तीस दात ब्लीच करण्यात अर्थ नाही. रूट कॅनाल झालेला असेल तर त्या दाताच्या आत औषध ठेवून त्याला आतून उजळवता येतं.

व्हिनिअर्स. दाताच्या पुढच्या बाजूला चिनी मातीची पातळ चकती. दिसतात झकास, पण त्यासाठी बहुधा दात घासून कमी करावा लागतो आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही. दहा-पंधरा वर्षांनी ती बदलावीही लागतात. "इंडियात स्वस्त पडतं" म्हणून तीन आठवड्यांच्या सुट्टीत, लग्नकार्यं सांभाळून, घाईघाईने दहा दात घासून घेऊ नयेत. करायचंच तर तपासणी आणि दुरुस्तीला वेळ राहील असा बेत आखावा.

काही व्यवहाराच्या गोष्टी

ब्लीचिंगने कॅप, फिलिंग, व्हिनिअर यांचा रंग बदलत नाही. म्हणून आधी ब्लीचिंग, मग साधारण दोन आठवडे थांबून नव्या रंगाला जुळणारं फिलिंग किंवा कॅप, हा क्रम. किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी असेल तर आधी त्यांचं बघावं. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना हे थांबवावं. दातांना सणका मारणं हा नेहमीचा त्रास, बहुधा काही दिवसांत जातो. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट आधीपासून वापरली तर कमी होतो. परिणाम कायमचा नसतो: काही महिने ते दोन-तीन वर्षं, तुमच्या चहाच्या कपांवर अवलंबून.

अमेरिकेत डेंटल इन्शुरन्स सहसा याचे पैसे देत नाही, आणि आयआरएसच्या नियमांत दात पांढरे करणं वैद्यकीय खर्चात धरत नाहीत, त्यामुळे एफएसए किंवा एचएसएचं कार्ड चालत नाही. लंडनकडच्या नातेवाइकांनी लक्षात घ्यावं की तिथे 0.1 टक्क्यापेक्षा जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड फक्त दंतवैद्यामार्फतच, तेही 6 टक्क्यांपर्यंत, आणि अठरा वर्षांखालच्यांना साधारणपणे नाहीच.

आणि एक कळकळीचं. घरात कोणी मिश्री, तंबाखू लावणारं असेल तर दातांच्या रंगापेक्षा तोंडातले पांढरे-लाल चट्टे आणि न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवा. दात काळे राहिले तरी चालतील, कॅन्सर वेळेत कळला पाहिजे.

मग त्या मुलांचं काय?

फ्लोरोसिसमध्ये इनॅमल तयार होतानाच सच्छिद्र होतं. पांढरा पट्टा हा वरून लागलेला डाग नसून कवचाच्या बांधणीतला दोष आहे. त्याला पेरॉक्साइड लावलं तर आजूबाजूचा भाग पांढरा होतो, पट्टा जातच नाही, आणि सुरुवातीला तर तो अधिकच उठून दिसू शकतो. खड्डे पडलेल्या दातांवर पट्टी चिकटवली तर सणका येणार तो वेगळाच. शिवाय ही वाढीची मुलं, काहींचे अजून दुधाचे दात पडायचेत. वहिनींनी कार्ट रिकामी करायला लावली ती या कारणाने.

अशा दातांना उपाय आहेत. डाग वरवरचे असतील तर सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांनी अगदी पातळ थर घासून काढतात, त्याला मायक्रोअब्रेजन म्हणतात. पांढऱ्या चट्ट्यांत पातळ रेझिन मुरवून ते बेमालूम करता येतात. खोल डाग आणि खड्डे असतील तर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट वरून भरतात. हे सगळं डेंटिस्टनेच, एकेक दात बघून करायचं काम. नागपूरला आणि वर्ध्याजवळ सावंगीला डेंटल कॉलेजं आहेत, आणि कॉलेजांत खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. ज्या मोठ्या मुलांना हवं आहे त्यांना तपासणीसाठी तिथे नेण्याचा जाण्यायेण्याचा खर्च आपण यंदाच्या निधीत धरला आहे.

पण हेसुद्धा पॅचच. बग पाण्यात आहे.

कोलोरॅडोची गोष्ट

ही गोष्ट आपल्या इथलीच आहे. 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला. तिथे जन्मलेल्या कितीतरी लोकांचे दात तपकिरी. लोक त्याला 'कोलोरॅडो ब्राउन स्टेन' म्हणत आणि कारण म्हणून वाट्टेल ते सांगत. मॅकेने जवळपास तीस वर्षं हा धागा सोडला नाही. 1923 मध्ये तो आयडाहोतल्या ओकली गावी गेला. तिथल्या आयांनी त्याला सांगितलं, पाच मैलांवरच्या गरम झऱ्याचं पाणी पाइपने गावात आणल्यापासून मुलांचे दात असे यायला लागले. पाण्यात काय आहे हे त्याला कळत नव्हतं, तरी त्याने सल्ला दिला: हा पाइप सोडा, दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या. गावाने ऐकलं. काही वर्षांतच तिथल्या लहान मुलांचे पक्के दात डागाशिवाय यायला लागले. शेवटी 1931 साली अल्कोआ कंपनीतला रसायनतज्ज्ञ चर्चिल याने पाण्यात फ्लोराइड सापडल्याचं दाखवलं आणि कोडं सुटलं.

तुम्ही म्हणाल, इथे तर पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालत आले आहेत. बरोबर, सुरुवात 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्सला झाली. थोड्या प्रमाणात ते दात किडण्यापासून वाचवतं. 2015 पासून इथलं शिफारस केलेलं प्रमाण लिटरला 0.7 मिलिग्रॅम आहे. त्यावरही वाद आहेतच, युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी 2025 मध्ये ते घालणं बंद केलं. पण आपला प्रश्न जास्तीच्या फ्लोराइडचा आहे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 1 मिलिग्रॅम ही मर्यादा, आणि दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात ते याहून जास्त आढळतं. खडकातल्या खनिजांत फ्लोराइड असतं आणि खोलवरचं पाणी वर्षानुवर्षं त्यात मुरलेलं असतं. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर आणि हातपंप आले. त्यांनी लोकांना जगवलं हे विसरून चालणार नाही. पण काही गावांत त्याच पाण्याने दात रंगले, आणि वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर हाडं आणि सांधेही आखडतात.

या पाण्याला रंग, वास, चव काही नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढतं. आपला साधा कार्बनचा किंवा यूव्हीचा फिल्टर त्यावर चालत नाही. आरओ चालतो, पण बरंच पाणी वाया घालवतो आणि वीज मागतो. नागपूरच्या नीरी संस्थेने शोधलेली 'नलगोंडा पद्धत' तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरते. स्वस्त आहे, पण माप रोज नीट घालावं लागतं. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचे दाणे फ्लोराइड धरून ठेवतात, मात्र ते भरले की फ्लोराइड गुपचूप पुढे जातं आणि चवीवरून कुणाला कळतही नाही. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतंच.

म्हणून आपल्या कामाचे तीन भाग आहेत: शाळेच्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवणारी टाकी, उन्हाळ्यासाठी अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर, आणि पाच वर्षांची देखभाल, म्हणजे ठराविक काळाने पाण्याची तपासणी, दाणे बदलणं आणि ते बघणाऱ्या गावातल्याच माणसाचा पगार. शाळेची टाकी असली तरी अंगणवाडी आणि गरोदर बायकांच्या घरांना पाणी आधी मिळेल, असं ग्रामस्थांशी बोलून ठरलं आहे. यातला तिसरा भाग सर्वांत नीरस आणि सर्वांत महत्त्वाचा. टाकीवर देणगीदाराचं नाव रंगवता येतं, दाणे बदलण्यावर येत नाही. पण सिस्टिम बसवून सपोर्ट दिला नाही तर काय होतं हे आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी तुम्हाला सांगायला नको. देणगीच्या फॉर्मवर 'देखभाल' असा वेगळा रकाना आहे, कृपया तिथे हात आखडता घेऊ नका. क्लिनिकमधल्या एका ब्लीचिंग सिटिंगला इथे काही शे डॉलर सहज जातात. ते जरूर करून घ्या, पण तेवढेच इकडेही द्या.

आता मुखपृष्ठाबद्दल. त्या दिवशीच्या फोटोंमध्ये एकच हसरा चेहरा सापडला. सातवीतल्या त्याच उंच मुलाच्या कडेवर बसलेली त्याची बहीण, दीड-दोन वर्षांची. चार-सहा दुधाचे दात, पांढरेशुभ्र, आणि तोंडभर हसू. दुधाच्या दातांवर फ्लोरोसिस सहसा फारसा दिसत नाही. पण तिचे पुढचे पक्के दात हिरडीच्या आत आत्ताच बनताहेत. ते सहा-सात वर्षांची झाल्यावर बाहेर येतील. त्यांचा रंग कसा असेल हे त्या वेळच्या कुठल्याही जेलने ठरणार नाही. ती या वर्षी, पुढच्या वर्षी कुठलं पाणी पिते, यावर ते ठरणार आहे.

भावाचे डाग आपण फार तर झाकू शकतो. बहिणीचे होऊच न देणं आपल्या हातात आहे. टाकी पावसाळ्याआधी व्हायला हवी.

आपले,
स्मरणिका समिती